रुमाल टाकलेली सीट

गुरुवारी संध्याकाळी निघता निघता टीममधल्या नव्या मुलीचा कोड रिव्ह्यूला आला. छोटाच होता, चाळीसएक ओळी. म्हटलं पाच मिनिटांत हातावेगळा करू आणि घरी जाऊ. पण तिसाव्या ओळीपाशी अडकलो. तिने एका कॉन्करंट हॅशमॅपला आधी विचारलं होतं, "ही की तुझ्याकडे आहे का?" तो नाही म्हणाला तर पुढच्याच ओळीत ती की त्यात टाकली होती. मी तिला बोलावलं आणि म्हटलं, "इथे रेस कंडिशन आहे."

"असं कसं? मॅप थ्रेडसेफ आहे की! मुद्दाम तोच घेतलाय."

मी गप्प झालो, कारण थोड्या वेगळ्या शब्दांत हेच वाक्य मी एकदा भर मीटिंगमध्ये म्हटलं होतं. "सगळीकडे लॉक लावलाय की!" त्याची गोष्ट मी इथे कधी लिहिली नाही. खरं सांगायचं तर टाळत आलोय. आज शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, दुसरा चहा झालाय. सांगून टाकतो.

साल २००८. आम्ही खासगी बसवाल्यांसाठी तिकीट बुकिंगचं सॉफ्टवेअर करायचो. जावा, एक सर्व्हर, एक डेटाबेस, बस्स. कुठल्या बसमधली कुठली सीट कोणाची याचा नकाशा मेमरीत सांभाळणारा क्लास माझा होता. त्यात दोन महत्त्वाच्या मेथड होत्या. एक, 'सीट रिकामी आहे का' आणि दुसरी, 'सीट बुक कर'. दोन्हींच्या डोक्यावर मी 'सिंक्रोनाइज्ड' लिहिलं होतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: थ्रेड म्हणजे एकाच ऑफिसात एकाच वेळी काम करणारे कारकून समजा. प्रत्येकाच्या खिडकीसमोर वेगळं गिऱ्हाईक, पण रजिस्टर मात्र सगळ्यांत मिळून एकच. दोघांनी एकाच वेळी त्यात लिहायला घेतलं तर गिचमिड होणार. म्हणून नियम असा की रजिस्टरच्या खोलीत एका वेळी एकानेच जायचं, आत गेला की कडी लावायची. ही कडी म्हणजे लॉक. 'सिंक्रोनाइज्ड' म्हटलं की जावा ती कडी लावून देतं. मी दोन्ही कामांना कडी लावली होती. त्यामुळे मला झोप छान लागायची.

बुकिंगची विनंती आली की सगळ्यात आधी लॉगमध्ये एक लांबलचक ओळ जायची: कोण, कुठली बस, कुठली सीट, किती वाजता. ती कोणी कधी घातली देव जाणे. टीममध्ये सगळ्यात लहान असलेला, कॉलेजातून नुकताच आलेला एक मुलगा होता, लातूरकडचा. त्याच्या लक्षात आलं की या ओळीमुळे डिस्क भरत चाललीय आणि सर्व्हर विनाकारण कण्हतोय. त्याने लॉगची पातळी बदलून ती ओळ बंद केली. बदल एका ओळीचा. रिव्ह्यू मीच केला, शाबासकीही दिली. सर्व्हर खरंच हलका झाला.

पुढचा आठवडा दिवाळीचा. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या एका रात्रीच्या बसमध्ये सतरा नंबरच्या सीटवर दोन माणसं तिकीट हातात घेऊन उभी राहिली. एक कॉलेजची मुलगी आणि एका कुटुंबातल्या आजी. दोघींचं तिकीट खरं, दोघींचे पैसे कापलेले. बस भरलेली. शेवटी आजींना ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसवलं आणि त्या तशाच रात्रभर गेल्या. त्याच आठवड्यात असे आणखी काही प्रकार झाले. बसमालकाचा फोन आमच्या मॅनेजरला, मॅनेजरची हाक आम्हाला.

अशा वेळी आपल्याकडे पहिला प्रश्न एकच असतो, "नवीन काय बदललं?" नवीन फक्त ती लॉगची ओळ होती. ती परत चालू केली. डबल सीटा थांबल्या. झालं! गुन्हा सिद्ध, गुन्हेगार सापडला.

तो मुलगा भर मीटिंगमध्ये हळूच म्हणाला, "पण सर, लॉगची ओळ काढल्यावर सीट डबल कशी होईल?"

प्रश्न अगदी योग्य होता. खोलीत उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस होता, तो म्हणजे मी, ज्याने तो क्लास लिहिला होता. आणि मी म्हणालो, "सीटच्या कोडमध्ये काही नाही, सगळीकडे लॉक लावलाय. तू ओळ परत टाकल्यावर थांबलं ना? मग?"

त्याचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. ते तीन महिने पुरे व्हायच्या आतच तो नोकरी सोडून गेला.

जानेवारीत मी वेगळ्याच कामासाठी लोड टेस्ट लिहीत होतो. माझ्या मशीनवर लॉग बंद होता. दोनशे थ्रेड एकाच बसवर सोडले आणि एका सीटची दोन तिकिटं निघाली. आधी वाटलं टेस्टच चुकलीय. मग वही घेतली आणि दोन थ्रेडचा प्रवास ओळीने लिहिला:

थ्रेड अ: १७ रिकामी आहे का? (कडी लावली, पाहिलं, कडी काढली.) हो, आहे.
थ्रेड ब: १७ रिकामी आहे का? (कडी लावली, पाहिलं, कडी काढली.) हो, आहे.
थ्रेड अ: १७ बुक कर. (कडी लावली, लिहिलं, कडी काढली.) झालं.
थ्रेड ब: १७ बुक कर. (कडी लावली, लिहिलं, कडी काढली.) झालं.

पुन्हा एकदा वाचा. प्रत्येक पायरीला कडी आहे. रजिस्टरमध्ये गिचमिड कुठेच नाही. तरीही आजी केबिनमध्ये.

चूक कड्यांमध्ये नव्हती, दोन कड्यांच्या मधल्या फटीत होती. 'अ'ने जे पाहिलं ते पाहिलं त्या क्षणी खरं होतं. खोलीतून बाहेर पडल्यावर ती फक्त एक जुनी बातमी होती. आणि तो बुक करायला परत आत गेला तो त्या जुन्या बातमीवर विसंबून. 'बुक कर'मध्ये मी पुन्हा तपासलंही नव्हतं, कारण "तपासणी आधीच झालीय ना!"

एसटीने ज्यांनी लहानपण काढलंय त्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. गाडी स्टँडला लागली की खिडकीतून आत बघून "ही सीट रिकामी आहे का हो?" असं विचारायचं, "आहे" ऐकायचं आणि मग रांगेतून दारापर्यंत जाऊन आत चढायचं, असं करणाऱ्याला सुट्टीच्या दिवसांत जन्मात सीट मिळायची नाही. तो पोचेपर्यंत तिथे कोणीतरी पाय पसरून बसलेलं असायचं. सीट मिळायची ती खिडकीतूनच रुमाल टाकणाऱ्याला. रुमाल टाकणाऱ्याचं बघणं आणि धरणं एकाच झटक्यात होतं, मध्ये फट नाही. आपल्या आयाबायांना हे कुठल्याही कॉम्प्युटर सायन्सशिवाय ठाऊक होतं :)

पण मग त्या लॉगच्या ओळीचं काय? त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री मिळालं. आम्ही लॉग फॉर जे वापरायचो. त्या काळच्या त्याच्या आवृत्तीत लॉगच्या फाइलीत लिहायचं तर एका वेळी एकच थ्रेड लिहू शकायचा, कारण तिथेही एक कडी होती, आणि ती सगळ्यांसाठी एकच. म्हणजे बुकिंगला आलेला प्रत्येक थ्रेड आधी लॉगच्या अरुंद दारातून एकेक करून जायचा. डिस्कवर लिहायला जो वेळ लागायचा तेवढ्या अंतराने ते बाहेर पडायचे. तोवर पुढच्याचं तपासून, बुक करून झालेलं असायचं. माझ्या कोडपाशी गर्दी होतच नव्हती. त्या मुलाने ते दार मोकळं केलं आणि माझी तीन वर्षं जुनी चूक उघडी पडली. आधीही एखादी डबल सीट झाली असणार आणि एखाद्या समजूतदार क्लीनरने ती तिथल्या तिथे मिटवली असणार. आमच्यापर्यंत आलं नाही इतकंच.

या प्रकाराचं एक फार मोठं आणि भयंकर उदाहरण पुढे वाचनात आलं, ते थेरॅक-२५चं. कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं हे कॅनडात बनलेलं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून किरणांचा प्रचंड जादा डोस बसला, त्यातले काही दगावले. एका कारणाचा माग १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावच्या हॉस्पिटलात लागला. तिथली ऑपरेटर कामात इतकी सराईत झाली होती की उपचाराचा प्रकार टाइप करताना चूक झाली तर झटकन कर्सर वर नेऊन ती दुरुस्त करायची. यंत्रातले चुंबक जागेवर यायला आठेक सेकंद लागत. दुरुस्ती त्या आठ सेकंदांत झाली तर कीबोर्ड सांभाळणाऱ्या भागाला ती कळायची, पण यंत्र सज्ज करणाऱ्या भागाला कळायची नाही. दोघांचा डेटा सामाईक, आणि कडी नाही. पडद्यावर एक, प्रत्यक्षात दुसरंच. सावकाश टाइप करणाऱ्याला हा दोष कधी दिसला नसता. तिथल्या फिजिसिस्टने त्या ऑपरेटरला सोबत घेऊन, वेगाने टाइप करायचा सराव करून तो पुन्हा घडवून दाखवला, तेव्हा कुठे उत्पादकांना पटलं.

पण मला हादरवणारी गोष्ट पुढची आहे. याच दोषाचं सॉफ्टवेअर आधीच्या थेरॅक-२० मध्येही होतं. फक्त त्या यंत्रात सॉफ्टवेअरवर न विसंबता काम करणारी संरक्षक सर्किटं होती. दोष घडला की फ्यूज उडायचा, लोक वैतागून फ्यूज बदलायचे आणि कामाला लागायचे. थेरॅक-२५ मध्ये ती सर्किटं काढून टाकली. "सॉफ्टवेअर इतकी वर्षं चालतंय, त्यात काही नाही," या विश्वासावर. आमची लॉगची ओळ म्हणजे आमचा फ्यूज होता. आमच्याकडे कोणी मेलं नाही, हे आमचं नशीब.

"पण टेस्टिंगमध्ये का नाही सापडलं?" असं कोणी विचारलं तर त्याला एडवर्ड ली या बर्कलीच्या प्राध्यापकांचा २००६ चा एक लेख वाचायला द्यावा. त्यांच्या गटाने २००० साली मल्टिथ्रेडेड कोड लिहिला. डिझाइन रिव्ह्यू, कोड रिव्ह्यू, रोज रात्री बिल्ड, शंभर टक्के कोड कव्हरेज, सगळं सोवळ्यात. तो कोड अनेकांनी वापरला. आणि २६ एप्रिल २००४ ला, चार वर्षांनी, तो डेडलॉक होऊन थांबला. टेस्ट म्हणजे हजारो संभाव्य क्रमांपैकी आज जे घडले तेवढे क्रम. उद्या सर्व्हरला आणखी चार कोअर मिळाले की क्रम बदलतात. आज रेस शोधणारी चांगली साधनं आहेत, गो भाषेत तर २०१३ पासून ती सोबतच येतात, आणि मी ती वापरतोही. पण तीही फक्त प्रत्यक्ष चाललेल्या कोडवर नजर ठेवतात. बाकीचं वही घेऊन बसून करावं लागतं.

तर वही घेऊन मी आता काय करतो ते सांगतो. फार नाही, चार गोष्टी.

पहिली: कडी कोडला लावायची नसते, डेटाच्या एखाद्या वचनाला लावायची असते. माझं वचन होतं 'एका सीटचा एकच मालक'. ते वचन जितक्या पायऱ्यांत पाळलं जातं तितक्या सगळ्या पायऱ्या एकाच कडीच्या आत हव्यात. दुरुस्तीत मी त्या दोन मेथड बाहेरच्यांसाठी बंदच केल्या आणि एकच ठेवली: 'रिकामी असेल तर बुक कर'. ती हो किंवा नाही सांगते. कॉन्करंट हॅशमॅपकडे असं एका झटक्यात करणारं फंक्शन २००४ पासून आहे, 'पुट इफ अ‍ॅब्सेंट'. गुरुवारच्या कोडमध्ये तेवढंच हवं होतं. मॅप थ्रेडसेफ असतो म्हणजे मॅप मोडत नाही. तुमचं वचन तो पाळेल असं त्याने कधी म्हटलेलं नसतं.

दुसरी: सगळ्यांची कडी एकच हवी. जावात स्टॅटिक मेथडवरचं सिंक्रोनाइज्ड आणि साध्या मेथडवरचं सिंक्रोनाइज्ड या दोन वेगळ्या दारांच्या कड्या आहेत, दिसायला सारख्या असल्या तरी. आणि "मी तर फक्त वाचतोय" म्हणणाऱ्यानेही कडी लावायचीच. लॉक म्हणजे शेवटी रुमालच. तो सीटला काही करत नाही, सगळ्यांनी मानला तर चालतो. रुमाल बाजूला सारून बसणारा एक भेटला की संपलं. म्हणून प्रत्येक सामाईक फील्डच्या वर मी कॉमेंट लिहितो, हे कुठल्या लॉकखाली आहे.

तिसरी: कडी लावून आत बसून राहायचं नाही. आमच्या एका हुशार मित्राने सुचवलं होतं की पैसे भरून होईपर्यंत लॉक धरून ठेवू. म्हणजे एका गिऱ्हाइकाला ओटीपी सापडेना तर अख्खी बस ताटकळत. त्यासाठी सीटवर दहा मिनिटांचा तात्पुरता ताबा लिहायचा, कडी लगेच काढायची आणि मुदत संपली की ताबा सुटू द्यायचा. आणि दोन कड्या लागणारच असतील, समजा प्रवाशाला एका बसमधून दुसऱ्या बसमध्ये हलवायचंय, तर नेहमी लहान नंबरच्या बसची आधी. नाहीतर एक जण इकडची धरून तिकडच्या कडीची वाट बघतो, दुसरा तिकडची धरून इकडच्या. दोघंही सज्जन, दोघंही कायमचे उभे.

चौथी: शेवटचा फ्यूज काढायचा नाही. मेमरीतला लॉक एका सर्व्हरपुरता. दुसरा सर्व्हर आला की त्याला तुमच्या कडीचा पत्ताही नसतो. आमच्या डेटाबेसमध्ये बस आणि सीट यांच्या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट नव्हता, कारण रद्द झालेली तिकिटं त्याच टेबलात राहायची. मग चालू ताब्यांचं टेबल वेगळं केलं आणि त्यावर कन्स्ट्रेंट टाकला. आता कोड चुकला तरी डेटाबेस दुसरं तिकीट घेत नाही.

हे झालं कोडचं. कोड मी जानेवारीत दोन दिवसांत दुरुस्त केला.

मॅनेजरला जाऊन सांगितलं की दोष माझा होता, त्या मुलाचा नव्हता. ते म्हणाले, "बरं झालं सापडलं. फिक्स टाक. आता तो गेलाय, मेल वगैरे नको, उगाच कशाला उकरायचं?" आणि मी मेल टाकली नाही. मॅनेजरने नको म्हटलं हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला देत होतो. पण त्याचा नंबर माझ्याकडे होता. फोनवर माझा मलाच करायचा होता, त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती.

गुरुवारी त्या मुलीला ही सगळी गोष्ट सांगितली. तिने कोड बदलला आणि मग विचारलं, "मग त्याला कळलं का शेवटी?"

रात्री त्याला शोधून काढलं, तसं आता ते अवघड नाही. आज तो माझ्यापेक्षा मोठ्या हुद्द्यावर आहे. लांबलचक मेल लिहिली. दोन थ्रेडच्या त्या चार ओळी, लॉगच्या दाराची भानगड, मीटिंगमध्ये मी काय बोललो होतो ते, सगळं. आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर. इतक्या वर्षांनी.

काल सकाळी उत्तर आलं. "सर, सीट सतरा ना? :) बाकी बोलू. पण त्या तीन महिन्यांत मला खरंच वाटायला लागलं होतं की हे काम आपल्याला जमणारं नाही."

ते दुसरं वाक्य वाचल्यापासून मी जरा बेचैनच आहे. त्याला दुपारी फोन करणार आहे.

असो. तुमच्याकडेही एखादा बग 'रिव्हर्ट केल्यावर गेला' म्हणून बंद केलेला असेल तर सोमवारी तो एकदा उघडून बघा. आणि तेव्हा कोणी "पण असं कसं होईल?" म्हणून विचारलं होतं का, तेही आठवा.